इलेक्ट्रॉनाचे स्थलांतर, अर्थात् धूमकेतूचा अदृश्य प्रकाश

‘ज्ञानोदय’ या पत्राचा जन्म सन 1842 मध्ये आमच्या याच अहमदनगर शहरी झाला, ही गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. (शहराचे व जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे; परंतु जुन्या गोष्टी सांगताना जुने नाव ओठी येते, त्याची वाचकांनी क्षमा करावी.) त्या पत्राच्या चालकांनी धर्मविषयाच्या जोडीने सृष्टिशास्त्राचे लेखही सुबोध मराठीत छापण्याचा परिपाठ ठेवला होता. सृष्टीचे नियम समजून घेणे हा सृष्टिकर्त्याचा गौरव करण्याचाच एक मार्ग होय, ही त्यामागील भावना होती. त्याच परिपाठास अनुसरून यंदाच्या अंकात एक अगदी लहान विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो. विषय लहान म्हणण्याचे कारण असे की, ज्या वस्तूची ही हकीकत आहे ती वस्तू जगातील लहानांत लहान वस्तूंपैकी एक आहे. तिचे नाव इलेक्ट्रॉन. हा इलेक्ट्रॉन एका अणूचे घर सोडून दुसऱ्याच्या घरी कसा जातो, आणि त्याच्या या स्थलांतराचा प्रकाश आकाशात कोठवर दिसतो, हे आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम एक आठवण सांगतो. सन 1996 चा मार्च महिना होता. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. जपानातील युजी ह्याकुताके नावाच्या एका हौशी आकाशनिरीक्षकाने त्या वर्षीच्या जानेवारीअखेर मोठ्या दुर्बिणीच्या जोडीतून एक नवा धूमकेतू शोधून काढला होता. 25 मार्चच्या सुमारास तो पृथ्वीपासून अवघ्या दीड कोटी किलोमीटरांवर आला. रात्री उत्तरेकडे, ध्रुवताऱ्याच्या आसपास, धुरकट कापसाच्या पेळूसारखा तो नुसत्या डोळ्यांनी दिसे. वीज गेली की तो अधिकच स्पष्ट दिसे, आणि त्या काळी वीज पुष्कळदा जात असे! आमची आजी आमचा हात धरून अंगणात उभी राही आणि विचारी, “बाळा, हा तारा जळतोय की काय? एवढा उजेड ह्याला येतो तरी कोठून?”

आळीत सर्वांनाच असे कुतूहल होते असे मात्र नाही. शेंडेनक्षत्र निघाले म्हणजे अरिष्ट येणार, ही समजूत पुष्कळांच्या मनात घट्ट होती. आमच्या शेजारच्या एका घरी तर गर्भवती सुनेस चार रात्री अंगणात पाऊल टाकू दिले नाही. उन्हाळ्याचे दिवस, घर पत्र्याचे, आणि खिडकीही लावलेली! त्या बिचारीचे काय हाल झाले असतील याची कल्पना आम्हांस तेव्हा आली नाही, आज येते. भीती ही अज्ञानाची सावली आहे, आणि ती सावली बहुधा घरातील सर्वांत दुबळ्या माणसावर पडते.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दुसऱ्या दिवशी आमच्या गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले की, धूमकेतू म्हणजे बर्फाचा व धुळीचा गोळा. सूर्याच्या उष्णतेने त्याची वाफ होते. त्या धुळीवर सूर्याचा प्रकाश पडून परततो, आणि ती वाफही सूर्यप्रकाशाने उत्तेजित होऊन थोडी उजळते. उत्तर अगदी बरोबर होते. तरीही ते अपुरे होते. आणि ते अपुरे आहे हे त्या घटकेस जगात कोणासच ठाऊक नव्हते. कारण त्याच आठवड्यात, आम्ही अंगणातून धूमकेतू पाहत होतो तेव्हाच, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ‘रोसॅट’ नावाच्या जर्मन उपग्रहातील दुर्बीण त्याच धूमकेतूकडे वळविण्यात आली होती. ही दुर्बीण साधा प्रकाश पाहणारी नसून क्ष-किरण पाहणारी होती. हाड मोडले असता दवाखान्यात ज्यांनी छायाचित्र घेतात, तेच हे किरण. धूमकेतूपासून असे किरण फारसे येतील अशी कोणाची अपेक्षा नव्हती. परंतु ते आले, आणि अपेक्षेच्या कित्येक पटींनी आले! धूमकेतूच्या सूर्याकडील बाजूस चंद्रकोरीच्या आकाराचा एक ठळक पट्टा क्ष-किरणांनी झगमगत होता.

शास्त्रज्ञ चकित झाले, यात नवल नाही. क्ष-किरण स्वाभाविकपणे ज्या पदार्थापासून निघतात तो बहुधा लक्षावधी अंश तापलेला असतो. सूर्याचा बाह्य प्रभामंडल हे त्याचे उदाहरण. धूमकेतू तर थंडगार बर्फाचा! चुलीत विस्तव नसता भाताला उकळी फुटावी, तसा हा प्रकार झाला. हे कोडे पुढील वर्षी, म्हणजे 1997 साली, अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे टॉमस क्रेव्हन्स यांनी सोडविले, आणि त्याची किल्ली म्हणजेच आपला आजचा विषय होय : आयन आणि अणू यांच्या टकरीत होणारे इलेक्ट्रॉनाचे हरण.

आता मुळापासून आरंभ करू. प्रत्येक अणूच्या मध्यभागी धन विद्युद्भार असलेले अणुकेंद्र असते, व त्याच्याभोवती ऋण विद्युद्भार असलेले इलेक्ट्रॉन असतात. दोन्ही भार सारखे असल्यामुळे जमाखर्चाची तोंडमिळवणी होऊन अणू एकंदरीत निर्भार राहतो. हायड्रोजनाच्या अणूत एक इलेक्ट्रॉन, हीलियमच्या अणूत दोन, कार्बनाच्या सहा व ऑक्सिजनाच्या आठ. काही कारणाने अणूचा एखादा इलेक्ट्रॉन निघून गेला तर धन भार शिल्लक पडतो, आणि अशा अणूस आयन म्हणतात. ऑक्सिजनाच्या अणूचे सातही इलेक्ट्रॉन सूर्याच्या प्रचंड उष्णतेत गळून पडू शकतात. ज्या कुणब्याची सात जनावरे गेली व एकच उरले, त्याच्या गोठ्याची जी अवस्था, तीच या आयनाची. त्याच्या ठिकाणी इलेक्ट्रॉनाची ओढ अत्यंत तीव्र असते.

असा आयन वाटेने जात असता त्यास एखादा पूर्ण अणू भेटला म्हणजे काय होते? तीन गोष्टी संभवतात. एक, दोघेही काही न घडता एकमेकांजवळून निघून जातील. दोन, अणूचा इलेक्ट्रॉन धक्क्याने सुटून मोकळाच कोठेतरी उडून जाईल. तीन, अणूचा इलेक्ट्रॉन त्यास सोडून आयनाबरोबर निघून जाईल. या तिसऱ्या प्रकारासच इलेक्ट्रॉनाचे हरण किंवा भाराची अदलाबदल म्हणतात. येथे जमाखर्च मात्र चोख राहतो. आयनाचा धन भार एकाने कमी होतो, आणि जो अणू काल निर्भार होता त्याचा भार एकाने वाढतो. एकंदर बेरीज होती तितकीच राहते. सृष्टीच्या वहीत खाडाखोड नसते.

येथे आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी एक सूचना करून ठेवणे अवश्य आहे. याच नावाची दुसरी एक घटना पाठ्यपुस्तकात आढळते. तीत अणुकेंद्र आपल्याच अणूचा आतला इलेक्ट्रॉन गिळते आणि त्यामुळे ते मूलद्रव्यच पालटून दुसरे होते. ती घटना निराळी. आपण जिचा विचार करीत आहो तीत अणुकेंद्रास धक्काही लागत नाही. ऑक्सिजन हा ऑक्सिजनच राहतो. त्याच्या अंगावरील वस्त्र तेवढे वाढते.

आता, इलेक्ट्रॉन हा उंबरठा ओलांडतो कसा? यासाठी शेतातील एक दृष्टांत घेऊ. एका वाफ्यात पाणी उभे आहे व त्याच्या कडेस मातीचा बांध आहे. बांध आहे तोवर पाणी जागचे हलत नाही. आता कल्पना करा की, त्या वाफ्याच्या शेजारी एखादी खोल बारव सरकत सरकत येऊ लागली, आणि ती जसजशी जवळ येईल तसतसा मधला बांध खचू लागला. बांधाचा माथा पाण्याच्या पातळीखाली गेला की त्याच क्षणी पाणी बारवेत वाहू लागेल. आयन हीच ती चालती बारव. त्याच्या धन भाराच्या ओढीने अणू व आयन यांमधील ऊर्जेचा बांध खचतो आणि इलेक्ट्रॉन पलीकडे जातो. आयनाचा भार जितका मोठा, तितकी बारव अधिक खोल, आणि तितक्या अधिक अंतरावरूनच बांध खचू लागतो. म्हणूनच ज्याचे सहा-सात इलेक्ट्रॉन गेले आहेत असा आयन, अणूस प्रत्यक्ष स्पर्श न करताही दुरूनच त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. हायड्रोजनाचा अणू एका सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाएवढा असतो; अशा आयनाच्या दृष्टीने मात्र त्याचे लक्ष्य त्याच्या प्रत्यक्ष क्षेत्रफळाच्या कित्येक पटींनी मोठे होऊन बसते.

दृष्टांत येथेच संपत नाही. बारवेस पायऱ्या असतात. वाफ्यातील पाणी बारवेत शिरते ते एकदम तळाशी नव्हे, तर ज्या पायरीची उंची वाफ्यातील पातळीशी जुळते त्या वरच्या पायरीवर प्रथम उतरते. इलेक्ट्रॉनाचेही तसेच. ऑक्सिजनाच्या पूर्ण उघड्या अणुकेंद्राने हायड्रोजनाचा इलेक्ट्रॉन घेतला, तर तो सर्वांत आतल्या कक्षेत न जाता बहुधा पाचव्या कक्षेत किंवा तिच्या लगतच्या कक्षेत जाऊन बसतो. मग तेथून एकेक पायरी उतरत, अथवा कधी एकाच उडीत, तो खाली येतो. प्रत्येक उडीबरोबर ऊर्जेचा जो फरक पडतो तो प्रकाशाच्या कणाच्या रूपाने बाहेर पडतो. वरच्या पायऱ्यांवरील उड्या लहान असतात व त्यांचा प्रकाश सौम्य असतो. परंतु तळाची शेवटची उडी फार मोठी असते. ऑक्सिजनाच्या बाबतीत या शेवटच्या उडीतून निघणाऱ्या प्रकाशकणाची ऊर्जा आपल्या डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशकणाच्या दोनशे ते तीनशे पट असते. असा प्रकाश म्हणजेच क्ष-किरण!

आता धूमकेतूचे कोडे आपोआप उलगडते. सूर्यापासून सर्व दिशांस विद्युद्भारित कणांचा एक वारा अखंड वाहत असतो. त्यास सौरवात म्हणतात. त्यात बहुतांश हायड्रोजनाची अणुकेंद्रे, म्हणजे प्रोटॉन असतात. शेकडा चार-पाच हीलियमची केंद्रे असतात. आणि अगदी थोडे, हजारात सुमारे एक या प्रमाणात, ऑक्सिजन, कार्बन आदींचे आयन असतात. सूर्याच्या तापलेल्या प्रभामंडलातून निघतानाच त्यांचे बहुतेक इलेक्ट्रॉन गळालेले असतात, आणि वाटेत त्यांस इलेक्ट्रॉन देणारे कोणी भेटत नाही. कोट्यवधी किलोमीटर प्रवास करून ते धूमकेतूपाशी येतात. तेथे बर्फाची वाफ होऊन पाण्याचे रेणू मोठ्या घेरात पसरलेले असतात. भुकेल्या वाटसरूंस अन्नछत्र लागावे, तसे ते आयन त्या वाफेत शिरतात, इलेक्ट्रॉन घेतात, आणि इलेक्ट्रॉन पायऱ्या उतरू लागताच क्ष-किरण झळकतात. हे सर्व प्रथम सूर्याकडील बाजूस घडावयाचे, म्हणून ती चंद्रकोर त्याच बाजूस दिसली. ऊर्जा सूर्याचीच, धूमकेतूने फक्त इलेक्ट्रॉन पुरविले. पुढे सन 2000 मध्ये ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीने लिनिअर नावाच्या एका धूमकेतूचा प्रकाश पृथक् करून पाहिला, तेव्हा ऑक्सिजन व नायट्रोजन यांच्या आयनांच्या खुणा त्यात स्पष्ट आढळल्या. चोराच्या पावलांचे ठसेच जणू सापडले. ही दुर्बीण आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखली जाते, हे भारतीय विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून सांगावयाची आहे. ती म्हणजे वेग. आमच्या जिल्ह्यात गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या बैलगाड्यांच्या रांगा रस्त्याने चाललेल्या असतात. दोन गाड्या शेजारी शेजारी व सारख्या वेगाने चालल्या, तर एखादे चपळ पोर एकीवरून दुसरीवर सहज पाऊल टाकील. परंतु त्याच बैलगाडीच्या शेजारून एखादी मोटार भरधाव निघून गेली, तर त्या पोरास तिच्यावर पाऊल टाकता येईल काय? मुळीच नाही. इलेक्ट्रॉनाचाही हाच न्याय. हायड्रोजनाच्या अणूत इलेक्ट्रॉनाची गती सेकंदास सुमारे 2200 किलोमीटर असते. आयनाची गती याच्याइतकी किंवा याहून कमी असेल, तर इलेक्ट्रॉनास घर बदलण्यास सवड मिळते. सौरवाताची गती साधारणपणे सेकंदास 400 किलोमीटर, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या गतीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. आपल्या दृष्टीने ही गती भयंकर आहे. पण इलेक्ट्रॉनाच्या दृष्टीने ती बैलगाडीच होय!

आयन फार वेगाने जाऊ लागला म्हणजे काय होते? सन 1928 मध्ये ओपेनहायमर यांनी, व 1930 मध्ये ब्रिंकमन आणि क्रामर्स यांनी नव्या पुंजयामिकीच्या आधारे याचे गणित मांडले. त्यावरून असे दिसले की, फार मोठ्या वेगांस हरणाची शक्यता वेगाच्या बाराव्या घाताने घटते. वेग दुप्पट केला की शक्यता सुमारे चार हजारांश उरते. (विद्यार्थ्यांनी दोनाचा बारावा घात पाटीवर काढून पाहावा; 4096 येतो.) निसर्गात इतक्या झपाट्याने खाली येणारी गोष्ट क्वचितच आढळते.

परंतु त्याआधी एक वर्ष, 1927 साली, ल्यूएलिन टॉमस नावाच्या इंग्रज तरुणाने एक विलक्षण युक्ती सुचविली होती. ज्यांनी कॅरम खेळला आहे त्यांस ती चटकन समजेल. भरधाव जाणारा आयन इलेक्ट्रॉनास असा टोला मारतो की, तो आयनाच्याच वेगाने, परंतु त्याच्या मार्गाशी साठ अंशांचा कोन करून उडतो. या दिशेने तो गेला तर आयनास कधीच भेटणार नाही. पण वाटेत त्याच्याच अणूचे केंद्र आले, आणि त्यावर आपटून तो पुन्हा साठ अंशांनी वळला, तर तो नेमका आयनाच्या दिशेने व आयनाच्याच वेगाने चालू लागतो. आता दोन्ही गाड्या बरोबरीने चालल्या. आयनाने त्यास अलगद उचलून घ्यावे! या दोन टोल्यांच्या रीतीने होणारे हरण अतिशय विरळ असते. परंतु अत्यंत मोठ्या वेगांस तीच रीत वरचढ ठरते, कारण तिची घट किंचित मंद असते. हा केवळ कागदावरील खेळ आहे असे कोणास वाटेल. तर 1983 साली डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे हीलियम वायूवर प्रोटॉनांचा झोत सोडून प्रयोगकर्त्यांनी त्याची खूण प्रत्यक्ष टिपली. कल्पनेपासून प्रत्ययापर्यंत छप्पन वर्षे लागली. एका दिवसात उदाहरण सुटले नाही म्हणून वही मिटणाऱ्या विद्यार्थ्यांनी या छप्पन वर्षांचे स्मरण ठेवावे.

हे ज्ञान काही धूमकेतूपासून सुरू झाले नाही. किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे अल्फा कण म्हणजे हीलियमची उघडी केंद्रे, हे रदरफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दाखवून दिले होते. हे कण हवेत काही सेंटिमीटर जाऊन थांबतात. केंब्रिज येथे 1922 साली हेंडरसन यांनी असे पाहिले की, मार्गाच्या शेवटाकडे वेग मंदावला म्हणजे ते कण इलेक्ट्रॉन घेऊ लागतात : प्रथम एक, मग दोन. पुढे रदरफर्ड यांनी स्वतः त्याचा कसून अभ्यास केला. कण इलेक्ट्रॉन घेतो, पुढच्या टकरीत गमावतो, पुन्हा घेतो, पुन्हा गमावतो. अखेरीस दोन इलेक्ट्रॉन स्थिर झाले की तो हीलियमचा साधा, शांत अणू होऊन राहतो. पोटासाठी गावोगाव हिंडणाऱ्या आणि शेवटी घर सापडलेल्या माणसाचीच ही कथा म्हणावी.

आमच्या पालकवर्गास असे वाटण्याचा संभव आहे की, हे सर्व केंब्रिजचे, डेन्मार्कचे व अमेरिकेचे झाले; आपल्याकडे काय? तर आपल्याच मुंबईस, कुलाब्याच्या टोकास, समुद्रकाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा यांनी ती 1945 साली स्थापिली. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने 1988 मध्ये पेलेट्रॉन नावाचे प्रवेगक यंत्र उभे राहिले. त्याच्या मध्यभागी एक कोटी चाळीस लक्ष व्होल्टपर्यंत विद्युद्दाब चढविता येतो. या यंत्राची युक्ती आपल्या विषयास फारच जवळची आहे. प्रथम अणूस एक इलेक्ट्रॉन जास्तीचा देऊन ऋण आयन बनवितात. मधला धन दाब त्यास वेगाने आपल्याकडे खेचतो. तेथे कार्बनाच्या अत्यंत पातळ पत्र्यातून जाताना त्याचे कित्येक इलेक्ट्रॉन गळतात व तो धन आयन होतो; मग तोच धन दाब त्यास तितक्याच जोराने पुढे ढकलतो. एकाच दाबाचा दोनदा उपयोग! ज्या नळ्यांतून हा झोत जातो त्यांतील हवा शक्य तितकी उपसून टाकावी लागते. कारण वाटेत हवेचे रेणू राहिले, तर आयन त्यांचे इलेक्ट्रॉन घेऊन भलत्याच मार्गाने जाईल. हरण ही घटना शास्त्रज्ञांच्या उपयोगाची असते तशी त्यांच्या वाटेतील अडचणही असते.

याच संस्थेत लोकेश त्रिबेदी व त्यांचे सहकारी यांनी आयन व अणू यांच्या टकरींचा दीर्घकाळ अभ्यास केला. वेगवान आयनांसाठी पेलेट्रॉन, आणि पुष्कळ भार असलेल्या पण मंद आयनांसाठी तेथेच उभारलेले दुसरे यंत्र, अशा दोहोंचा त्यांनी उपयोग केला. साध्या वायूंच्या अणूंप्रमाणेच साठ कार्बन अणूंनी बनलेल्या, फुटबॉलच्या आकाराच्या रेणूवरही त्यांनी आयनांचे झोत सोडले. इतकी सूक्ष्म गोष्ट घडली हे कळते कसे, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. एक रीत अशी : टकरीनंतर आयनांचा झोत चुंबकाच्या अगर विद्युत्पट्ट्यांच्या मधून नेतात. ज्याचा भार अधिक तो अधिक वळतो. ज्याने वाटेत एक इलेक्ट्रॉन उचलला त्याचा भार एकाने कमी झाला, म्हणून तो थोडा कमी वळून निराळ्या जागी जाऊन पडतो. तेथे मोजणी ठेवली की किती आयनांनी इलेक्ट्रॉन घेतले ते कळते. दुसरी रीत म्हणजे बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांची ऊर्जा मोजणे. कारण प्रत्येक मूलद्रव्याची पायऱ्यांची उंची ठरलेली असते, व ती त्याच्या सहीसारखी ओळखता येते.

भारताच्या चांद्रयान-1 नेही या विषयात भर घातली आहे. हे यान 22 ऑक्टोबर 2008 रोजी निघाले. त्यावरील ‘सारा’ नावाचे उपकरण स्वीडन व भारत येथील शास्त्रज्ञांनी मिळून सिद्ध केले होते. चंद्राला हवा नाही. सौरवाताचे प्रोटॉन थेट त्याच्या मातीवर आदळतात. ती माती बहुतेक सर्व प्रोटॉन शोषून घेत असावी असा पूर्वीचा समज होता. परंतु या उपकरणाने 2009 साली दाखविले की, त्यांपैकी जवळजवळ पंचमांशपर्यंत प्रोटॉन मातीतून इलेक्ट्रॉन घेऊन, निर्भार हायड्रोजन अणू बनून, पुन्हा आकाशात उडून जातात. आले ते विद्युद्भारित होऊन. गेले ते भारमुक्त होऊन.

आता मानवाच्या दुःखाशी या विषयाचा जो संबंध येतो तो सांगून हा लेख आटोपता घेऊ. कर्करोगावर प्रोटॉनांच्या झोताने उपचार करण्याची पद्धत आता आपल्याकडेही आली आहे. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत 2023 सालापासून असे उपचार होऊ लागले. साधे क्ष-किरण शरीरात शिरले म्हणजे आरपार जातात, व रोगट गाठीच्या मागील निरोगी भागासही पोळतात. प्रोटॉनांचे तसे नाही. वेगात असताना ते थोडी ऊर्जा देतात. मंदावले की अधिक देतात. आणि ठरलेल्या खोलीवर सर्वांत जास्त ऊर्जा देऊन थांबतात. आरंभीचा वेग नेमका ठरविला, तर ती जागाही नेमकी ठरते. ज्यांची अंगे अद्याप वाढीस लागली आहेत अशा लहान मुलांस याचा विशेष फायदा होतो. मार्गाच्या अगदी शेवटी, एका मिलिमीटरच्या एकदोन हजारांश भागात, प्रोटॉन इतका मंद होतो की तो शरीरातील रेणूंचे इलेक्ट्रॉन घेऊ व गमावू लागतो. आणि अखेर एक इलेक्ट्रॉन कायमचा धरून हायड्रोजनाचा अणू होऊन थांबतो. त्या अखेरच्या टप्प्यात तो किती ऊर्जा कोठे ठेवतो हे अचूक जाणण्यासाठी हरणाचे मोजमाप लागते. ज्या प्रयोगांचा कोणास काडीचा उपयोग दिसत नव्हता, त्यांचे आकडे असे एखाद्या बालकाच्या खाटेपाशी येऊन पोहोचतात.

म्हणून पालकांस आमची एक विनंती आहे. आपल्या मुलाने अगर मुलीने विज्ञानाची गोडी दाखविली, तर “याने पोट भरेल काय?” हा प्रश्न अवश्य विचारा, संसाराची काळजी कोणास चुकली आहे? परंतु तो प्रश्न पहिला व शेवटचा होऊ देऊ नका. याच शहरात डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 साली अहमदनगर महाविद्यालय स्थापिले ते खेड्यापाड्यांतील मुलांस घराजवळ उच्च शिक्षण मिळावे म्हणूनच. नगरापासून कुलाब्यापर्यंतचा रस्ता फार लांब नाही. लांब वाटतो तो आपल्या मनातील संकोचामुळे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे आहे. आमची आजी आता या जगात नाही. तिच्या प्रश्नाचे पुरे उत्तर तिला देण्याचे राहून गेले, याची रुखरुख आम्हांस वाटते. ती अक्षरशत्रू होती. परंतु त्या चार रात्री दार लावून घेणाऱ्यांत ती नव्हती, अंगणात येऊन प्रश्न विचारणाऱ्यांत होती. पुढे कधी धूमकेतू दिसला, तर तुम्ही आपल्या घरातील वृद्धांस, आया-बहिणींस हाताला धरून बाहेर आणा. त्यांना सांगा की, दूरवर सूर्याकडून आलेले काही भुकेले प्रवासी या बर्फाच्या गोळ्यापाशी इलेक्ट्रॉन घेत आहेत, आणि त्यांच्या त्या तृप्तीचा प्रकाश आकाशात पसरला आहे. आपल्या डोळ्यांस तो दिसत नाही इतकेच. त्यात अरिष्ट काहीएक नाही. ज्याने ताऱ्यांस त्यांच्या वाटा नेमून दिल्या, त्यानेच इलेक्ट्रॉनासही त्याच्या पायऱ्या नेमून दिल्या आहेत. त्या एकेक करून ओळखणे हे तुमचे काम आहे.